धर्म आणि राज्य: मधलं अंतर किती असावं?

धर्मनिरपेक्षतेवर बोलणं निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "आपला देश धर्मनिरपेक्ष आहे ना, मग आषाढी एकादशीला विठ्ठलाची शासकीय महापूजा मुख्यमंत्री कशी करतात?" दुसरा नेमका उलट्या बाजूनं येतो: "सरकारला धर्माशी देणंघेणं नाही म्हणता, मग देवळाच्या दानपेटीचा हिशेब सरकार का मागतं?" पहिल्याला वाटतं, सरकार देवाच्या फार जवळ गेलं. दुसऱ्याला वाटतं, सरकारनं देवळाची पायरी चढायलाच नको होती. कल्पना मात्र दोघांची एकच आहे: धर्म आणि राज्य वेगळे, म्हणजे दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

असा पूर्ण काडीमोड कुठल्याही मोठ्या लोकशाहीत झालेला नाही. तेव्हा अंतर आहे की नाही, यापेक्षा ते कशासाठी ठेवलं आहे आणि राज्य धर्माजवळ गेलं तर कोणासाठी गेलं, हे विचारणं जास्त उपयोगाचं आहे. या प्रकरणात आपण त्या वाटेनं जाऊ.

१. वेगळं करायची गरज का पडली?

सोळाव्या शतकातल्या युरोपात राजाचा जो धर्म, तोच प्रजेचा, असा रिवाज होता. जर्मन राज्यांपुरता तो १५५५ मध्ये ऑग्सबर्गच्या तहानं लेखी मान्य झाला. राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक, राजा ल्यूथरपंथी तर प्रजाही ल्यूथरपंथी. ज्याला पटत नसेल त्यानं घरदार विकून दुसऱ्या राज्यात जावं. त्यानं शांतता टिकली नाही. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं मध्य युरोप युद्धात होरपळला. धर्म राज्याच्या मुठीत असला की सत्ता बदलली म्हणजे माणसाचा देवही धोक्यात येतो, हे त्या पिढ्यांनी भोगलं.

याच काळात रॉजर विल्यम्स हा ख्रिस्ती धर्मोपदेशक अमेरिकेत गेला आणि १६३६ मध्ये त्यानं प्रॉव्हिडन्स ही वसाहत वसवली. तो अतिशय श्रद्धाळू होता. बळजबरीनं करवलेली प्रार्थना देवाचा अपमान आहे, म्हणून सरकारनं श्रद्धेला हात लावू नये, असं तो सांगत असे. धर्म आणि राज्य वेगळे करण्याची मागणी देव न मानणाऱ्यांनी केली, हा समज म्हणूनच अपुरा आहे. ती मागणी श्रद्धाळूंनीही केली आणि श्रद्धा वाचवण्यासाठी केली.

आपल्याला हे समजून घ्यायला युरोपपर्यंत जायचीही गरज नाही. गोव्यात पोर्तुगीज राज्याचा अधिकृत धर्म कॅथलिक होता. सोळाव्या शतकात तिथली देवळं पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली ती याच काळात. प्रियोळ, कवळे आणि म्हार्दोळ ही तिन्ही गावं अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात येतात आणि तेव्हा तिथं आदिलशाहीचा अंमल होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. मधली काही वर्षं सोडता ते १८१२ पर्यंत चाललं. हिंदूंना आपले विधी उघडपणे करायला बंदी घालणारे हुकूम निघाले. पुढं छळ थांबला, तरी राज्याचा धर्म कॅथलिकच राहिला आणि हिंदू माणूस आपल्याच गावात दुय्यम राहिला.

हे बदललं ते लिस्बनमध्ये. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि एप्रिल १९११ मध्ये चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला. त्या बदलानं गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढं बरोबरीचं स्थान दिलं. लिस्बनच्या राज्यकर्त्यांचं भांडण त्यांच्या चर्चशी होतं. फोंड्याचा आणि डिचोलीचा हिंदू त्यांच्या डोळ्यांपुढं क्वचितच असेल. तरीही राज्यानं धर्माची बाजू घेणं सोडताच ज्याचा धर्म राज्याचा नव्हता, तो पहिल्यांदा पुरा नागरिक झाला. या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं फळ हेच आहे.

२. तीन देश, तीन उत्तरं

गरज पटली, तरी ती कशी भागवायची यावर प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे.

अमेरिकेनं १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत लिहिलं की संसद कुठलाही धर्म प्रस्थापित करणार नाही आणि धर्मपालनाला मनाईही करणार नाही. १८०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी एका पत्रात याला धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत म्हटलं. या भिंतीच्या आधारे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये सरकारी शाळेतली सरकारनं ठरवून दिलेली प्रार्थना रद्द केली. पण त्याच देशाच्या संसदेचं कामकाज प्रार्थनेनं सुरू होतं, ती सांगणारा धर्मोपदेशक सरकारी पगारावर असतो आणि नोटेवर देवावरच्या भरवशाचं वाक्य छापलेलं असतं.

फ्रान्सनं १९०५ मध्ये कायदा करून ठरवलं की राज्य कुठल्याही धर्माला मान्यता देणार नाही आणि पगारही देणार नाही. तिथला भर सार्वजनिक जागेतून धर्म दूर ठेवण्यावर आहे. २००४ पासून सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालून येता येत नाही. तरी पॅरिसचं नोत्र दाम कॅथेड्रल सरकारच्या मालकीचं आहे. आल्सास आणि मोझेल हा भाग १९०५ मध्ये जर्मनीच्या ताब्यात होता. त्यामुळे तो कायदा तिथं लागू झाला नाही आणि आजही तिथल्या पाद्र्यांना आणि ज्यूंच्या रब्बींना पगार सरकारच देतं.

इंग्लंडनं तर वेगळेपणाचा दावाच केलेला नाही. तिथला राजा चर्चचा प्रमुख असतो आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात. तरीही २०२२ मध्ये ऋषी सुनक हे हिंदू गृहस्थ तिथं पंतप्रधान झाले आणि त्यांच्या धर्मानं त्यांची वाट अडवली नाही.

यावरून एवढं कळतं की कागदावर अंतर किती आहे यावरून सगळं समजत नाही. नागरिकाचे हक्क त्याच्या धर्मावर अवलंबून आहेत का, हे पाहावं लागतं.

३. आपल्या घटनेनं काय ठरवलं?

घटना समितीत के. टी. शहा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये 'सेक्युलर' हा शब्द घटनेत घालण्याची सूचना मांडली. ती मान्य झाली नाही. हा शब्द १९७६ मध्ये ४२व्या दुरुस्तीनं उद्देशिकेत आला. यावरून मूळ घटना धर्मनिरपेक्ष नव्हती, असं काही जण म्हणतात. पण मूळ कलमं वाचली की शंका उरत नाही. कलम २५ प्रत्येक व्यक्तीला श्रद्धेचं, आचरणाचं आणि प्रचाराचं स्वातंत्र्य देतं. कलम २६ पंथांना आपल्या धार्मिक बाबी स्वतः चालवू देतं. कलम २७ म्हणतं, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर कोणाकडून सक्तीनं घेता येणार नाही. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचं स्पष्ट केलं.

१७ ऑक्टोबर १९४९ ला हरि विष्णू कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी, असा ठराव आणला. सभागृहात श्रद्धाळू माणसांची वाण नव्हती. तरीही हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या सदस्यांनी विरोध केला: जी उद्देशिका प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देते, तिनंच सर्वांच्या वतीनं एक श्रद्धा जाहीर कशी करायची? ठराव ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडला. तीच वृत्ती आपल्या शपथविधीत दिसते. लोकप्रतिनिधीला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, आणि दोन्हींचं वजन सारखंच असतं.

४. भारतीय पद्धत एका सोसायटीतून समजून घेऊ

आपल्या घटनेनं भिंत बांधली नाही. तिनं काय केलं, हे हाउसिंग सोसायटीच्या उदाहरणानं लवकर कळतं.

सोसायटीत चाळीस घरं आहेत. कोणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं आणि देवघरात कोण आहे, हे विचारायचा सेक्रेटरीला अधिकार नाही. सर्वांकडून घेतलेल्या मेंटेनन्सच्या पैशातून एकाच्या घरची पूजा करता येत नाही. पण एखाद्या घरातून गॅसचा वास येऊ लागला किंवा आत कोणाला कोंडून मारहाण होते आहे असं कळलं, तर कमिटी दार वाजवणारच. "हे माझं घर आहे" हे उत्तर तिथं चालत नाही. आणि आज तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं, तर उद्या तशाच कारणासाठी पहिल्या मजल्यावरचंही वाजवावं लागतं.

आपली घटना या तिन्ही गोष्टी एकदम सांगते: आत डोकावू नका, एकासाठी सर्वांचा पैसा वापरू नका, पण माणसाला इजा होत असेल तर आत जा. म्हणूनच कलम २५ मधलं स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. धर्माशी जोडलेल्या आर्थिक व्यवहारांचं नियमन करायला आणि हिंदूंची सार्वजनिक देवस्थानं सर्व थरांतल्या हिंदूंना खुली करायला तेच कलम राज्याला मुभा देतं.

५. देवळात धार्मिक काय आणि व्यवहाराचं काय?

यावरचे दोन पायाभूत निकाल मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लागोपाठ दिले. एक उडुपीच्या शिरूर मठाचा होता. दुसरा मुंबई राज्याचा: १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला एका जैन देवळाच्या वहिवाटदारांनी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिलं होतं. न्यायालयानं रेघ अशी ओढली: कोणते विधी, कोणत्या वेळी, कोणता नैवेद्य हा धर्माचा भाग आहे आणि तो ज्याचा त्यानं ठरवावा. मालमत्ता, जमाखर्च, हिशेब-तपासणी हा व्यवहार आहे आणि त्यावर कायदा करता येतो. मठाच्या कुठल्याही भागात केव्हाही शिरण्याचा अधिकाऱ्याचा अधिकार न्यायालयानं रद्द केला. धर्मादाय आयुक्तालाच देवळाचा किंवा मठाचा विश्वस्त नेमायची मोकळीकही काढून घेतली. दानपेटीच्या हिशेबाचं उत्तर इथं आहे. भाविकांनी सार्वजनिक देवस्थानाला दिलेला पैसा कोणाच्या खासगी खिशात जाऊ नये, एवढ्यासाठी राज्य हिशेब मागतं.

हीच रेघ पंढरपुरात लावून पाहू. तिथं तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिला, आत कोण जाणार? मे १९४७ मध्ये दलितांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं आणि दार उघडलं. पुढं घटनेनं आणि मंदिरप्रवेशाच्या कायद्यांनी हा हक्क पक्का केला. याच धर्तीच्या १९५६ च्या कायद्याचा आधार २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं यासाठीही घेतला गेला.

दुसरा, उत्पन्न कोणाचं? बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. भाविकांच्या तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोगानं चौकशी केली आणि १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्यानं ते हक्क संपवले. न्यायालयीन लढाई जानेवारी २०१४ पर्यंत चालली आणि सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचा दावा टिकला नाही.

तिसरा, काकड आरती केव्हा आणि पूजा कशी? हे परंपरेनं चालतं आणि तसंच चालावं.

त्याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराचा निकाल मात्र सरकारच्या विरोधात दिला. तिथले परंपरागत पुजारी, म्हणजे दीक्षितर, हा स्वतंत्र धार्मिक संप्रदाय असल्याचं न्यायालयांनी मानलेलं होतं. गैरकारभार दूर करण्यासाठी राज्यानं ताबा घेतला, तरी तो मर्यादित काळापुरता असावा आणि काम होताच परत द्यावा, असं न्यायालयानं बजावलं. हा इशारा महाराष्ट्रानंही मनावर घ्यायला हवा. देवस्थान समितीवरची नेमणूक ही पक्षातल्या नाराजांची सोय झाली, की हस्तक्षेपाचं मूळ कारणच नाहीसं होतं. भाविकाला एका मक्तेदारीतून सोडवून दुसरीच्या हवाली करणं ही सुधारणा नव्हे.

६. पंथाचं स्वातंत्र्य की माणसाचं?

इथून वाट अवघड होते. कलम २५ व्यक्तीला स्वातंत्र्य देतं, कलम २६ पंथाला. दोघं समोरासमोर आले तर?

मुंबई राज्यानं १९४९ मध्ये कायदा करून कोणत्याही जातीनं किंवा पंथानं आपल्या माणसाला बहिष्कृत करणं बेकायदा ठरवलं. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. धर्माचं मूळ रूप राखण्यासाठी बहिष्काराचा अधिकार लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते मान्य केलं आणि कायदा रद्द झाला. विरोधी मत सरन्यायाधीश सिन्हा यांचं होतं. बहिष्कृत माणसाला प्रार्थनास्थळ आणि दफनभूमीही तुटते आणि त्याच्या माणूसपणावरच घाला पडतो, म्हणून राज्यानं त्याच्या पाठीशी उभं राहावं, ही त्यांची भूमिका होती. २०२३ मध्ये घटनापीठानं हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढं ठेवण्यासाठी पाठवला. दरम्यान महाराष्ट्रानं जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला.

माझं मत सिन्हांच्या बाजूनं आहे. पंथ माणसांनी बनतो. पंथ सोडण्याची, त्यात राहून प्रश्न विचारण्याची मोकळीक माणसाला नसेल, तर पंथाच्या स्वातंत्र्यातून हाती येते ती त्याच्या प्रमुखांची सत्ता. राज्यानं ज्या थोड्या कारणांसाठी हे दार वाजवावं, त्यात हे कारण सगळ्यात वरचं आहे.

७. पैसा कशासाठी खर्च झाला?

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात सरकार रस्ते, पाणी, शौचालयं, दवाखाने, पोलीस यांवर मोठा खर्च करतं. कलम २७ चा हा भंग होतो का?

दोन खर्च शेजारी ठेवू. यात्रेकरूंसाठी शौचालयं बांधली, तर त्यातून रोगराई टळते. तिथं आलेला माणूस कुठल्या श्रद्धेनं आला, याच्याशी त्या खर्चाचा संबंध नाही. एवढाच जमाव दुसऱ्या कारणानं जमला असता, तरी तो करावाच लागला असता. जानेवारी २००५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसं गेली. अशा ठिकाणी राज्य लांब उभं राहिलं, तर ते आपल्या कर्तव्याला चुकलं असंच म्हणावं लागेल. यात्रेकरूच्या तिकिटाचे पैसे सरकारनं भरले, तर ते मात्र थेट धर्मकृत्याला दिलेलं साहाय्य आहे.

हज अनुदानाचा वाद असाच होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं नाही. कराचा किरकोळ भाग एखाद्या धर्मासाठी गेला तर कलम २७ मोडत नाही, मोठा भाग गेला तर मोडतं, असं तिथं म्हटलं गेलं. पण २०१२ मध्ये न्यायालयानंच ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायला सांगितलं आणि सरकारनं २०१८ मध्ये ते बंद केलं. हे योग्यच झालं. मात्र तोच नियम इतर धर्मांच्या यात्रांना मिळणाऱ्या सरकारी पैशालाही लावायला हवा. एकाचं अनुदान म्हणजे लांगूलचालन आणि दुसऱ्याचं म्हणजे संस्कृतिरक्षण, असा हिशेब प्रामाणिक नाही.

८. पदाची श्रद्धा आणि माणसाची श्रद्धा

मे १९५१ मध्ये सोमनाथच्या नव्या मंदिरातल्या सोहळ्याला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद गेले. पंतप्रधान नेहरूंना ते मान्य नव्हतं. हा सरकारी कार्यक्रम नाही, हे त्यांनी मुख्यमंत्र्यांना कळवलं. राजेंद्रबाबूंचं म्हणणं होतं की दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळाचं बोलावणं आलं असतं, तर आपण तिथंही गेलो असतो. मंदिर उभारायचं तर लोकांच्या वर्गणीतून, सरकारी तिजोरीतून नाही, असा सल्ला गांधीजींनी त्याआधी वल्लभभाईंना दिला होता. या तिघांत मतभेद होते, तरी प्रत्येकाला कुठं तरी मर्यादा पाळावी लागते याची जाण होती.

त्यांच्या वादातून आपल्याला तीन प्रश्न मिळतात. पैसा आणि पद कोणाचं वापरलं? हाच मान इतर धर्मांना दिला जातो का? आणि या कृतीनं एखाद्या नागरिकाचं स्वातंत्र्य वाढलं का?

शासकीय महापूजेला हे प्रश्न लावले, तर दानपेटीच्या हिशेबासारखी ती तरून जात नाही. मुख्यमंत्र्यांनी विठ्ठलभक्त असावं, रांगेतून जाऊन मनोभावे पूजा करावी. कलम २५ त्यांनाही आहे. पण पूजा जेव्हा पदाच्या नावानं होते, तेव्हा ती ज्यांचा देव विठ्ठल नाही, त्यांच्याही वतीनं होते. महापूजेच्या वेळी दर्शनरांगेतलं एक वारकरी दांपत्य मानाचं म्हणून सोबत असतं. पूजेचा संपूर्ण मान त्या दांपत्याकडेच गेला, तर वारीच्या समतेला ते अधिक शोभेल आणि राज्यही आपल्या जागी राहील.

मराठी माणूस सोलापुरात बहुसंख्य धर्माचा असेल, पण न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये तोच अल्पसंख्य असतो. तिथल्या सरकारी शाळेत आपल्या मुलाला दुसऱ्याची प्रार्थना म्हणावी लागू नये, आपल्या करातून दुसऱ्याचं प्रार्थनास्थळ उभं राहू नये आणि आपल्या घरातल्या दुबळ्यावर अन्याय झाला तर कायद्यानं धावून यावं, असं त्याला वाटतं. हे वाटणं रास्त आहे. आपण संख्येनं जास्त आहोत त्या गावातही शेजाऱ्यासाठी तोच नियम मागणं, हीच धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याची खरी कसोटी आहे. ती घटनेत लिहून ठेवलेली आहे. पाळायची मात्र रोज, आणि आपल्यालाच आहे.